‘अर्धा दिवस’ का निघाला नाही

११ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, हिचं स्वरयंत्र काढावं लागेल. जिना अरुंद आहे, कपाट खोलून न्यावं लागेल, असं सांगावं तसं म्हणाले. हिने विचारलं, "पूर्ण?" ते म्हणाले, "पूर्ण." मग कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले, त्यामुळे चित्र मला लगेच कळलं, आणि कळलं याचाच राग आला. श्वासाची वाट आता मानेला पाडलेल्या भोकातून, अन्नाची तोंडातून. दोन्ही वाटांचा एकमेकींशी संबंध नाही. आवाजाला त्या चित्रात कुठेच जागा नव्हती.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "चला, मुलाखती तरी सुटल्या." मग रस्ता ओलांडताना माझा हात धरला. एरवी धरत नाही.

बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसलो. लेकीला फोन केला तर ती रडणार. ही तर रडत नाही. मधल्यामध्ये मी कुठे जायचं?

१३ फेब्रुवारी

आज आरशासमोर उभी राहून गळ्याला हात लावून बघत होती. मी दारात दिसलो तर म्हणाली, "काय बघताय? विकायला काढलेला नाही."

हिच्या गळ्यावर आमचं घर उभं राहिलं, हे खरंच आहे. माझ्या पगारात फार तर भिंती झाल्या असत्या, छप्पर हिच्या गाण्याचं. लोक रस्त्यात थांबवून सांगतात, तुमच्या अमुक गाण्यावर आमचं लग्न जमलं, तमुक गाण्यावर मूल झोपायचं. पण सगळ्यात जास्त विचारतात ते न निघालेल्या गाण्यांबद्दल. तीसेक वर्षांपूर्वीचा तो अल्बम, ‘अर्धा दिवस’. गाणी ध्वनिमुद्रित झाली होती, वेष्टनं छापून झाली होती, एक गाणं रेडिओवर एकदा वाजलंही होतं. मग हिने कंपनीला कळवलं की अल्बम निघणार नाही. का, ते कोणालाच सांगितलं नाही.

लोकांनी मग आपापल्या परीने सांगायला सुरुवात केली. संगीतकाराशी भांडण झालं. स्टुडिओला आग लागली. नवरा संशयी, त्याने टेप जाळली. संशयी नवरा म्हणजे मी. एका लग्नात एक बाई माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला म्हणाली, "हाच तो." मी जिलबी... नाही, मी काहीतरी खात होतो, ते ताटात तसंच राहिलं.

खरं कारण अगदी साधं. हिला स्वतःचा आवाज त्यात पटला नव्हता. "माझा आवाज त्या गाण्यांत बसला नाही," असं मला म्हणाली आणि विषय मिटला. गाणी मी लिहिली होती. आठही. माझं तेवढंच काव्यलेखन. पुढे लिहावंसं वाटलं नाही, आणि कोणी लिही म्हणून मागे लागलंही नाही.

२१ फेब्रुवारी

चष्मेवाली आली होती. हिच्या चाहत्यांची एक मंडळी आहे, त्यांची ती सूत्रधार. बँकेत नोकरी करते, चष्मा जाड, बोलणं पातळ. बातमी तिला कुठून कळली देव जाणे. हिच्यासमोर बसून नुसती बोटं मोडत राहिली. दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, "काका, एकच विचारते. ‘अर्धा दिवस’ आहे ना कुठेतरी? आता तरी ऐकू द्या. बाईंना कळू दे आम्ही किती वाट बघितली ते."

जाताना जिन्यात ते रेडिओचं गाणं गुणगुणत होती. माझी ओळ आहे, ‘सांज झाली, दिवा नाही, प्रीतीचा तू घेई ठाव’. ती गात होती, ‘भिंतीचा तू घेई ठाव’. सगळे असंच गातात म्हणे. रेडिओवरून कोणीतरी टेप केलं, त्यात खरखर होती, ‘प्रीती’ची झाली ‘भिंती’. भिंतीचा ठाव कोण घेतं? गवंडी?

पण तिचं म्हणणं डोक्यात बसलं. आवाज जाणार, तर निदान सगळ्यात चांगला आवाज लोकांपुढे राहू दे. हिला विचारलं. म्हणाली, "नाही."

"आता तरी?"

"आता तर नाहीच. आणि माझ्यामागेही नाही. भाजी चिरायला घ्या."

२ मार्च

लेक आली. आईचा आवाज फोनवर साठवून ठेवायचा म्हणून सकाळपासून मागे लागली होती. "आई, ते अंगाईचं गा ना. चिमणीला ऐकवीन मोठी झाली की." चिमणी म्हणजे आमची नात, अजून रांगते.

ही गायली नाही. फोन हातात घेऊन खिडकीशी बसली आणि बोलत गेली. "जेवलीस का? दप्तर नीट ठेव. केस पुसून घे, सर्दी होईल. कोण आलंय बघ गं दारात. रडू नकोस, आधी काय झालं ते सांग. ये इकडे." असं कितीतरी. मध्ये थांबून विचार करायची, मग पुढचं वाक्य. शेवटी म्हणाली, "गाणी सगळ्यांकडे आहेत. हे कोणाकडे नाही."

लेक स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. पाणी वाया जात होतं. मी नळ बंद करायला गेलो नाही.

१० मार्च

नेली आत. चाकांच्या पलंगावर झोपवून नेताना मी बाजूने चालत होतो. ही म्हणाली, "अहो, चष्मा पुसा. काही दिसत नसेल तुम्हाला."

१८ मार्च

नळीवाटे अन्न. मानेला भोक, त्यावर ओलसर जाळीचं कापड. श्वासाचा आवाज तिथून येतो, हलकी शिट्टी वाजल्यासारखा. लेकीने लहान मुलांची पाटी आणून दिली आहे, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं, ती. हिने पहिल्या दिवशी त्यावर लिहिलं, ‘उशी’. दुसऱ्या दिवशी, ‘ती नर्स नको’. आज मी काहीतरी बोलत होतो, शेजारच्या खोलीतला पेशंट कसा बरा होऊन घरी गेला वगैरे, तर पाटी माझ्या अंगावर फेकली. कोपरा गुडघ्याला लागला.

मी ती उचलून परत दिली. हिने लिहिलं, ‘लागलं?’ मी म्हटलं, नाही. लागलं होतं.

६ एप्रिल

घरी आलो. डॉक्टर म्हणतात, गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, ते लावून बोलता येतं. नमुन्याला एका गृहस्थांनी बोलून दाखवलं. डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा आवाज. गृहस्थ बिचारे खूश होते, बायकोशी आता भांडता येतं म्हणाले. हिने पाटीवर त्यांना लिहून दिलं, ‘अभिनंदन.’ आणि मला लिहिलं, ‘मला नको.’

घर गप्प आहे. मी म्हणायचो, ही गाणं सोडून बाकी फार बोलते. जीभ झडो माझी.

सुरावटीची ओढ अजून आहे. काल चहा ढवळताना हिचं डोकं लयीत हलत होतं. मी आत आलो तशी थांबली.

२२ एप्रिल

हिला न सांगता संगीतकाराकडे गेलो. सगळे त्यांना दादा म्हणतात. आता पार थकले आहेत, कान गेले आहेत. मी हिच्या आजाराचं सांगायला लागलो तर "काय? काय?" करत राहिले. शेवटी ओरडून सांगितलं, "हिचा आवाज गेला!" समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. दादांनी मात्र मान खाली घातली आणि बराच वेळ टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले.

मग आपणहूनच बोलले. "मी तिला हात जोडून सांगितलं होतं, चाली तशाच ठेवू, बाकी बदलू. महिन्याचं काम होतं. बाई हटून बसली. म्हणाली, मग मला गायचंच नाही."

"बाकी म्हणजे?" मी विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही.

बाकी म्हणजे वाद्यं असणार. त्या काळी दादांनी व्हायोलिनांचा नुसता पूर आणला होता. पण मग वाद्यं बदलायला हिची हरकत का असावी? मला तर म्हणाली होती आवाज बसला नाही. कलावंतांचं आपल्याला कळत नाही.

उठताना दादांनी विचारलं, "तू हल्ली लिहितोस का काही?" मी मानेनेच नाही म्हटलं. म्हणाले, "बरं केलंस." मग खांद्यावर हात ठेवून, "म्हणजे, डोळ्यांना त्रास नको या वयात."

चांगला माणूस. मूळ टेप त्यांच्याकडेच होती, चपट्या पत्र्याच्या डब्यात, कोरडी ठणठणीत. डबा दिला, वर ती वाजवायचं जुनं यंत्रही दिलं. उचलता उचलता माझी कंबर धरली. म्हणाले, "ऐकव तिला. तसं ती नंतर कधी गायली नाही."

२४ एप्रिल

हिने यंत्र बघितलं. डबा बघितला. लिहिलं, ‘परत द्या.’

मी म्हटलं, एकदा ऐक तरी, तुला पटेल तुझा आवाज किती बसला आहे ते. माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी परभाषेत बोलतोय. मग आत जाऊन पडली. चूक झाली का माझी? मला हिच्या भल्याचंच वाटतंय. पण हिच्या भल्याचं मी ठरवायला लागलो आहे, हेही खरं.

यंत्र माळ्यावर चढवणार होतो. कंबरेमुळे राहिलं.

१५ मे

ही किरणोपचाराला लेकीबरोबर गेली होती, तेवढ्यात कंपनीच्या साहेबाला घरी बोलावलं. चष्मेवालीनेच गाठ घालून दिली. तरुण माणूस, पायांत पांढरे बूट. पहिलं गाणं सुरू झालं आणि साहेबाने खुर्चीचा हात धरला. "बाप रे," एवढंच म्हणाला. खरंच, काय आवाज तो! मी स्वतः इतक्या वर्षांनी ऐकत होतो. डोंगरावरून कोणी चादर झटकावी आणि ती हळूहळू पसरत खाली यावी, तसा.

तिसऱ्या गाण्यात साहेबाने मान वर केली. "काय म्हणतायत बाई? हृदयाच्या... जलाशयी?"

मी ओळ म्हणून दाखवली. ‘हृदयाच्या जलाशयी साठले अमाप पाणी, तुझ्याविना रे तुंबली माझी जीवनवाहिनी.’

"कोणी लिहिलंय हे?"

"मी."

साहेब पाणी प्यायला. पेला खाली ठेवून म्हणाला, "वेगळंच आहे." मग म्हणाला, आवाज सोन्यासारखा आहे, पण आजच्या लोकांना शब्द जरा जड जातील. हल्ली संगणकावर बाईंच्याच आवाजात दुसरे शब्द बसवता येतात, ओठ हलवायचीही गरज नाही. चाल तीच, आवाज तोच.

मी म्हटलं, भाषा जुनी वाटणं साहजिक आहे, विचार करू. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. नव्या पिढीला ‘जलाशय’ कुठून कळणार? त्यांना टाकी म्हटलं तरच कळतं.

१७ मे

हिला सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही. साहेबाला आवाज किती आवडला, चादरीची उपमा, सगळं. मग संगणकाचं सांगितलं.

हिने पाटी घेतली आणि इतकं दाबून लिहिलं की कागद उचलल्यावरही खालच्या मेणात अक्षरं राहिली. ‘एका शब्दाला हात लावायचा नाही.’

यंत्राने केलेल्या गोष्टींचा हिला पहिल्यापासून तिटकारा. तेच असणार.

३ जून

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

चष्मेवाली आली. ही आत झोपली होती. अलीकडे दुपारी फार झोपते, किरणोपचारांचा थकवा. साहेबाने ऐकलं, आणि इतकी वर्षं वाट बघितली तिने ऐकू नये, हा कुठला न्याय, म्हणून मी दार लोटून घेतलं आणि ते रेडिओचं गाणं हळू आवाजात लावलं.

पहिल्या सुरालाच तिने चष्मा काढला. डोळे वाहत होते, पुसतही नव्हती. मी खुशीत. मग ती ओळ आली. स्वच्छ, खरखरीशिवाय. ‘प्रीतीचा तू घेई ठाव.’ चष्मेवालीने डोळे उघडले.

"प्रीतीचा आहे होय?" तिने विचारलं.

"अर्थात."

मग सांगायला लागली. वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. आई अंथरुणाला खिळलेली. घरात कोणी दिवासुद्धा लावायचं नाही. तेव्हा हे गाणं तिच्याकडे एका जुन्या कॅसेटवर आलं. "सांज झाली, दिवा नाही, भिंतीचा तू घेई ठाव. मला वाटायचं काका, बाई सांगतायत, दिवा नसला तर नसू दे, भिंतीला हात लावून लावून चालत राहा, दार सापडेल. तशीच चालले मी तेव्हा." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "इतकी वर्षं चुकीचंच गात होते की."

मी म्हटलं, हो ना. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. दुसऱ्याच्या कानाने आपलं ऐकू यावं, तसं. हिची ओळ चांगली होती. म्हणजे चष्मेवालीची. म्हणजे त्या खरखरीची. माझी वाईट होती.

ती गेल्यावर आठही गाणी पुन्हा लावली. प्रीत, रीत, गीत. जलाशय, वाहिनी, तुंबली. माझा एकेक शब्द बद्द वाजत होता, आणि हिचा आवाज प्रत्येक ओळीला बगलेत हात घालून वर चढवत होता, म्हाताऱ्याला जिना चढवतात तसा. चाली तशाच ठेवू, बाकी बदलू. बाकी म्हणजे व्हायोलिनं नव्हती.

४ जून

सकाळी चहा झाल्यावर विचारलं. "शब्द वाईट होते म्हणून थांबवलंस?"

हिने पाटी जवळ ओढली. मग लिहिलं, ‘हो.’

एवढ्या सरळ उत्तराची माझी तयारी नव्हती. हिने कागद उचलला, पुन्हा लिहिलं. ‘दादा दुसऱ्याकडून लिहून घेणार होते. तुमचं नाव काढून.’

"मग घ्यायचे होते ना! लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. तसं तू नंतर कधी गायली नाहीस, दादाच म्हणाले."

‘तुम्ही तेव्हा शीळ घालत घरी यायचात.’

मला आठवेना. मी? शीळ? मग आठवलं. ऑफिसातून येताना, त्या एका वर्षात. जिन्याखालूनच ऐकू यायची म्हणे.

"आणि मला काय सांगितलंस? आवाज बसला नाही!"

हिने भराभर लिहिलं. ‘आणि तुम्ही लगेच खरं मानलंत. त्याचा राग मला अजून आहे.’

मी कपबशा उचलल्या, पुन्हा खाली ठेवल्या. म्हटलं, "आता काढू या. आहे तसा. हसू दे लोकांना मला, माझं काय जातंय या वयात? तुझा आवाज तरी..."

हिने माझा हात धरून थांबवलं. लिहिलं, ‘मग मी थांबवलं कशाला?’

नंतर दोघंही काही बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही.

११ जून

हिनेच खूण केली, लावा. खिडक्या लावून घेतल्या आणि सगळा अल्बम ऐकला, दोघांनी मिळून, दिवाणावर शेजारी शेजारी बसून. हिचे ओठ हलत होते. आठही गाण्यांतला एकेक शब्द हिला पाठ. माझे मलाच आठवत नव्हते. सूर वर चढला की हिचा हात आपोआप गळ्याकडे जायचा, कापडाला लागायचा आणि मांडीवर परत यायचा.

‘तुंबली माझी जीवनवाहिनी’ आलं आणि हिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. हसत होती. आवाज नाही, नुसती मानेतून शिट्टीसारखी हवा. पाटीवर लिहिलं, ‘इथे हसू फुटायचं. पुन्हा पुन्हा गावं लागलं. वादक वैतागले.’ मग मलाही हसू आलं. पोट दुखेपर्यंत हसलो दोघं.

टेप संपून चक्र नुसतं गरगरत राहिलं. कोणी उठून बंद केलं नाही.

२ जुलै

हिचा खांदा दुखतो. एका कुशीवर झोपायची सवय वाईट, मी किती वर्षं सांगतोय. जेवण कमी झालं आहे, पण या पावसाळी हवेने माझीही भूक मेली आहे.

९ जुलै

लेक आली, चिमणीला घेऊन. या खेपेला बरेच दिवस राहणार म्हणते. ऑफिसात काम कमी दिसतंय.

आज तपासणी होती. डॉक्टरांनी मला म्हटलं, "तुम्ही खाली गाडी बोलवा, मी हिला गोळ्या समजावून देतो." हिला म्हणजे लेकीला. बराच वेळ लागला. खाली आली तेव्हा डोळे लाल. दवाखान्याचा वास तिला लहानपणापासून सोसत नाही.

२३ जुलै

ही मला कपडे धुवायचं यंत्र शिकवते आहे. कोणतं बटण आधी, पांढरे कपडे वेगळे का टाकायचे. सगळं पाटीवर, वर चित्रंसुद्धा. मी म्हटलं, संसार संपत आला तेव्हा शिकवणी सुरू केलीस होय. हसली आणि माझ्या गालाला हात लावला.

आपल्या दोन शाली चष्मेवालीला दिल्या. नव्या घेऊ म्हणालो.

४ ऑगस्ट

मानेजवळ सूज. डॉक्टर घरी येऊन गेले. डॉक्टर घरी येण्याइतके मोठे आपण कधी झालो, म्हणून मी गंमत केली. कोणी हसलं नाही.

मग लेकीने मला गॅलरीत नेऊन सांगितलं. महिनाभरापासून तिला माहीत होतं. हिलाही. मला सांगायचं नाही, असं हिनेच बजावलं होतं.

पुन्हा.

१९ ऑगस्ट

सकाळी गेली. पाटीवर ‘पडदा सरकवा’ एवढंच होतं. सरकवला होता.

३० ऑगस्ट

कंपनीच्या साहेबाचा फोन. आता तरी परवानगी द्या म्हणाला, लोकांची भावना तीव्र आहे. मी नाही म्हटलं. म्हणाला, "काका, हा ठेवा आहे." ठेवा आहे म्हणूनच ठेवला आहे, असं म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर वाटलं, उगाच शब्दांचा खेळ केला. खोड जात नाही.

तरी मन खातं. तो आवाज लोकांनी ऐकायला हवा होता. माझ्यामुळे ऐकला नाही, आणि ऐकणारही नाहीत. हिने मला जे दिलं ते मी मागितलं नव्हतं. ते परत करायची सोयही तिने ठेवली नाही. कधी कधी हिचाच राग येतो. मग कपडे धुवायला टाकतो.

१४ सप्टेंबर

चाहत्यांनी सभा ठेवली होती. सभागृह गच्च, माणसं जिन्यांवर बसलेली. हिचा मोठा फोटो. लेक माझ्या शेजारी. लोक उठून एकेक आठवण सांगत होते. शेवटी मागून एकजण उभा राहिला आणि म्हणाला, "काकांना विनंती आहे. आज तरी सांगा. ‘अर्धा दिवस’ का निघाला नाही?"

चष्मेवाली व्यासपीठावर होती. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, सांगू नका अशी. पण मी उठलो. ठरवूनच आलो होतो. अल्बम देता येत नाही तर निदान दोष तरी ज्याचा त्याच्या नावावर पडू दे.

ध्वनिवर्धकापुढे जाऊन म्हटलं, "शब्द वाईट होते. ते मी लिहिले होते. दुसऱ्याचे शब्द घ्या म्हणून दादांनी हिला सांगितलं, ती तयार झाली नाही. माझं मन मोडू नये म्हणून तिने आपलं सगळ्यात चांगलं गाणं घरात ठेवून दिलं. बाकी काही नाही. आग नाही, भांडण नाही."

मग कोणीतरी हसलं, प्रेमाने. मग टाळ्या. इतक्या की मला पुढे बोलताच येईना. मागचा तो माणूस डोळे पुसत ओरडला, "वा काका! याला म्हणतात मोठेपण!"

मी म्हणत होतो, "अहो, खरंच," पण ध्वनिवर्धक कोणीतरी काढून नेला होता.

बाहेर पडताना लोकांनी पाया पडून घेतलं. एक गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "आम्ही समजू शकतो. काही गोष्टी जाहीर सांगता येत नाहीत." दोन मुली पायरीवर बोलत होत्या. त्यांच्या मते अल्बममध्ये कोणा बड्या माणसाविरुद्ध काहीतरी होतं, म्हणून नवऱ्यावर दबाव आहे. चष्मेवाली दाराशी उभी होती. तिला खरं माहीत आहे, निदान एका ओळीपुरतं. तिने नुसतं माझ्या कोटाचं वर आलेलं टोक खाली केलं.

गाडीत लेक गाडी चालवत होती, मी शेजारी. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "बाबा, आता आपण दोघंच आहोत. मला तरी खरं सांगा."

"सांगितलं की तिथे."

"ते लोकांसाठी. आई असल्या कारणाने अल्बम थांबवेल? आई? तिने एकदा माझ्या निबंधाच्या सगळ्यांसमोर चिंधड्या केल्या होत्या." आणि ती हसायला लागली. "शब्द वाईट होते म्हणे! बाबा, तुम्ही पण ना."

ही गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. सिग्नलला गाडी थांबली तरी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी ते पुन्हा पटवायला गेलो नाही.